आधी तपास, मग औषध: फुप्फुसाच्या कॅन्सरचे संशोधन आणि मराठवाडा



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर शिकवण्याचे काम केले. शिक्षकाचे स्मरण करायचे तर नुसते गौरवाचे शब्द पुरत नाहीत. सभागृहातून परत जाताना प्रत्येकाच्या पदरात एखादी नवी गोष्ट पडली पाहिजे. म्हणून मी आज एक अवघड विषय निवडला आहे: फुप्फुसाचा कॅन्सर, त्याच्यावर प्रयोगशाळांत चाललेले संशोधन आणि त्यातून आलेली नवी औषधे.

मला सांगायचे आहे ते थोडक्यात आधीच सांगून टाकतो. फुप्फुसाचा कॅन्सर हा एक आजार नाही, अनेक आजार आहेत. गाठीच्या पेशीत नेमका कोणता बिघाड झाला आहे, हे कळल्याशिवाय औषध ठरवू नये. आणि हा बिघाड शोधण्याच्या कामात मराठवाड्याने केवळ रुग्ण म्हणून सामील होऊ नये, संशोधक म्हणूनही उतरावे. एवढे पटवण्यासाठी चार मुद्दे मांडतो.

पहिला मुद्दा आजाराचा.

२०२२ या एका वर्षात जगात सुमारे २५ लाख लोकांना हा आजार झाल्याचा आणि १८ लाख लोक त्याने दगावल्याचा जागतिक अंदाज आहे. भारतासाठी त्याच वर्षीचा अंदाज सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आणि ७५ हजार मृत्यू असा आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एक्याऐंशी हजार आणि पंच्याहत्तर हजार. इतके जवळ का?

कारण आजार कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. फुप्फुसाच्या आतल्या भागाला वेदना जाणवत नाही. गाठ लिंबाएवढी झाली तरी माणूस शेतात राबत असतो. मग खोकला येतो, वजन उतरते, बेडक्यात रक्त दिसते. आपल्याकडे ही लक्षणे दिसली की घरातले, शेजारचे आणि कित्येकदा दवाखान्यातलेही एकच नाव घेतात: टीबी. टीबी आपल्या भागात आहेच, त्यामुळे ती शंका घेणे चूक नाही. पण थुंकीत जंतू सापडला नाही, गोळ्यांनी उतार पडला नाही, तरी महिनोन् महिने त्याच गोळ्या चालू राहतात. हे महिने परत मिळत नाहीत. मी इथल्या तरुण डॉक्टरांना हात जोडून सांगतो: टीबीच्या औषधाने फरक पडत नसेल तर सीटी स्कॅन करा, तुकडा काढा, तपासायला पाठवा.

‘सुई टोचली की गाठ चिघळते’, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. या एका समजाने किती माणसे तपासणीविना घरी नेली गेली असतील! बंधूंनो, सुईने कॅन्सर होत नाही. सुईमुळे आजार पसरण्याची शक्यता अगदी नगण्य आहे. न तपासता बसलो, तर गाठ मात्र नक्की वाढते.

हा आजार कोणाला होतो? १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांचा अभ्यास करून धूम्रपानाशी त्याचे नाते दाखवले. बिडी त्याला अपवाद नाही. बिडी साधी, पानाची, म्हणून सौम्य, असे समजणाऱ्यांनी तो समज आजच सोडावा. पण ज्यांनी आयुष्यात बिडीला हात लावला नाही, अशा माणसांनाही हा कॅन्सर होतो आणि आपल्या देशात अशा रुग्णांचे प्रमाण मोठे आहे. त्यात स्त्रिया पुष्कळ आहेत. मग त्यांचा दोष काय?

२०२३ मध्ये लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने याचे एक महत्त्वाचे उत्तर दिले. वय वाढते तसे निरोगी फुप्फुसातही काही पेशींत कॅन्सरला पोषक असे जनुकीय बदल होऊन बसलेले असतात. या पेशी वर्षानुवर्षे गप्प असतात. हवेतले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसात गेले की तिथे दाह होतो आणि त्या दाहामुळे या गप्प पेशी वाढू लागतात. म्हणजे दूषित हवेने नवा बिघाड केलाच पाहिजे असे नाही, असलेल्या बिघाडाला ती जागे करू शकते. घरात सरपण जाळताना होणाऱ्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात ठेवले आहे. चुलीपुढे ज्या आयाबहिणींचे आयुष्य गेले, त्यांचा खोकला ‘धुराचा आहे, जाईल’ म्हणून सोडून देऊ नका.

दुसरा मुद्दा पेशीतल्या बिघाडाचा. इथे थोडे विज्ञान आहे. विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे.

आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर बाहेरचा निरोप घेणारी प्रथिने असतात. त्यांतल्या एकाचे नाव ईजीएफआर. वाढीचा निरोप देणारा रेणू बाहेरून येऊन त्याला चिकटला की ते पेशीच्या आतल्या बाजूने कामाला लागते आणि ‘विभाजन करा’ हा हुकूम केंद्रकापर्यंत पोचतो. निरोप संपला की हुकूमही थांबतो. हा वाढीचा रेणू शोधणारे स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल मिळाले. फुप्फुसाच्या काही गाठींत या प्रथिनाच्या जनुकात छोटासा बदल झालेला असतो. कुठे काही अक्षरे गळालेली, कुठे एक अक्षर बदललेले. एवढ्याने काय होते? निरोप नसतानाही हुकूम सुटत राहतो. पेशी वाढत राहते, वाढतच राहते.

आता औषधाची गोष्ट ऐका, कारण ती फार शिकवणारी आहे. गेफिटिनिब नावाची गोळी या प्रथिनाला अडवण्यासाठी बनवली गेली. २००३ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. दर दहा रुग्णांमागे साधारण एकाची गाठ झपाट्याने वितळत होती, बाकीच्यांना काहीच गुण नव्हता. हा एक रुग्ण कोण, हे कोणालाच सांगता येत नव्हते. पुढच्या मोठ्या चाचणीत सरसकट सगळ्यांना गोळी दिली, तेव्हा आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही आणि २००५ मध्ये अमेरिकेने तिच्या वापरावर बंधने आणली. एक उत्तम औषध जवळजवळ मोडीत निघाले होते.

दरम्यान २००४ मध्ये बोस्टनच्या दोन गटांनी ज्या रुग्णांना गुण आला त्यांच्याच गाठी तपासल्या आणि त्यांत ईजीएफआरचे हे बदल सापडले. २००९ मध्ये आशियातल्या रुग्णांवरील आयपास या चाचणीने गोष्ट पक्की केली. ज्यांच्या गाठीत हा बदल होता, त्यांना गोळी केमोपेक्षा सरस ठरली. ज्यांच्यात नव्हता, त्यांना तीच गोळी केमोपेक्षा वाईट ठरली. आजाराचे नाव तेच, गोळी तीच आणि परिणाम उलटे! मग तपासणीवाचून गोळी लिहून देणे म्हणजे काय करणे? याचा विचार तुम्हीच करा.

असे बिघाड एकामागून एक सापडत गेले. २००७ मध्ये जपानच्या हिरोयुकी मानो यांच्या गटाने दोन जनुके एकमेकांना जोडली गेल्याने होणारा एएलके हा बिघाड दाखवला आणि चारच वर्षांत, २०११ मध्ये, त्यावरची क्रिझोटिनिब ही गोळी आली. केरास या जनुकाचा बदल मात्र १९८० च्या दशकापासून माहीत होता. त्याच्या प्रथिनाला औषध धरायला खाचच नाही, असे तीस वर्षे मानले गेले. २०१३ मध्ये केव्हन शोकॅट यांच्या प्रयोगशाळेने त्याच्या एका प्रकारात लपलेली खाच शोधली आणि २०२१ मध्ये सोटोरासिब हे औषध बाजारात आले.

पण गाठही स्वस्थ बसत नाही. गेफिटिनिब घेणाऱ्या बहुतेकांचा आजार साधारण वर्षभरात पुन्हा उठतो. त्यांतल्या सुमारे निम्म्यांत त्याच प्रथिनाच्या ७९० व्या जागी आणखी एक बदल झालेला आढळतो. त्यावर ओसिमर्टिनिब आले, २०१५ मध्ये. पुढे तेही निकामी करणारा बदल सापडला. म्हणून आजार उलटला की पुन्हा तपास, पुन्हा नवा निर्णय. एकदा केलेली तपासणी जन्मभर पुरत नाही.

यातच दुसरा एक मार्ग उघडला. आपल्या रोगप्रतिकारक पेशींना आवर घालणारी पीडी-१ सारखी यंत्रणा असते आणि कॅन्सर तिचा आडोसा घेतो. हा आवर काढला तर शरीर स्वतःच लढू शकते, हे दाखवणाऱ्या कामासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी निवोलुमॅब २०१५ पासून वापरात आहे. तेही सर्वांना लागू पडत नाही. पुन्हा तेच: आधी तपास, मग औषध.

तिसरा मुद्दा: ही औषधे येतात कुठून?

मोठ्या परदेशी कंपनीतून, असे उत्तर मनात आले असेल. ते अर्धेच खरे आहे. नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. त्याचे नाव मनसुख वाणी. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलिनातील एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्याबरोबर वनस्पतींमधून कॅन्सरविरोधी द्रव्ये वेगळी काढू लागले. १९६६ मध्ये त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढले. १९७१ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना जगापुढे मांडली. आज पॅक्लिटॅक्सेल या नावाने ते टॅक्सॉल जगभर फुप्फुसाच्या, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये दिले जाते. आपल्या जिल्ह्यांतल्या केमोच्या वॉर्डात टांगलेल्या बाटलीतही ते असते. त्या बाटलीमागे नंदुरबारचा एक माणूस आहे, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

कॅम्प्टोथेसिनचा प्रवास तर धीर शिकवणारा आहे. सुरुवातीच्या मानवी चाचण्यांत मूत्राशयाला इजा झाली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभीच त्या थांबल्या. हे द्रव्य पेशीत नेमके काय करते, हे १९८५ मध्ये कळले: डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एका विकराला ते अडकवून ठेवते. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलून सुसह्य रूपे तयार केली. टोपोटेकॅनला १९९६ मध्ये परवानगी मिळाली, शोधानंतर तब्बल तीस वर्षांनी. आणि गोष्ट इथे संपत नाही. ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन या अगदी अलीकडच्या औषधात प्रतिपिंडाला जोडून गाठीपर्यंत पोचवले जाणारे विष कॅम्प्टोथेसिनच्याच कुळातले आहे. हर-२ जनुकात बदल असलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. वाणी २०२० मध्ये गेले. त्यांचे काम अजून नवी औषधे देते आहे.

हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाच्या झाडात आहे. भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ते १९७२ मध्येच दाखवले होते. पण झाले काय? परदेशी मागणीपायी नरक्याची बेसुमार तोड झाली. दारातल्याच झाडातून औषध मिळाल्याची आणखी एक कथा सदाफुलीची. नांदेडच्या प्रत्येक गल्लीत जी फुलते, तिच्यापासून १९५८ च्या सुमारास कॅनडा आणि अमेरिकेत व्हिनब्लास्टिन मिळाले. त्याच घराण्यातले व्हिनोरेलबिन फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये वापरतात. मात्र कोणी घरी जाऊन सदाफुलीचा काढा करू नका! पानातली द्रव्ये विषारी आहेत. औषध होते ते द्रव्य शुद्ध करून, मोजून, शिरेतून आणि डॉक्टरांच्या देखरेखीत दिल्यावर.

वर्तमानपत्रांत अधूनमधून बातमी येते: अमक्या महाविद्यालयात कॅन्सरवर औषध सापडले. आपल्या रसायनशास्त्र विभागांत नवी संयुगे बनतात, खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत मानवी पेशींवर त्यांची चाचणी करून घेण्याची सोयही आहे. हे काम मोलाचे आहे. पण काचेच्या ताटलीतल्या पेशी मारणे ही पहिली पायरी आहे. पेशी मारायला फिनाइलही पुरते. खरा प्रश्न असा, की ते द्रव्य कॅन्सरची पेशी मारते आणि निरोगी पेशी सोडते का? ते रक्तात टिकते का? उंदराला सोसते का? माणसाला सोसते का? माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या कॅन्सरच्या वीस औषधांपैकी जेमतेम एक शेवटी मान्यता मिळवते. म्हणून संशोधकाने घाईने जाहीर करू नये आणि वाचकाने घाईने विश्वास ठेवू नये.

ज्या पेशींवर ही चाचणी होते त्या प्रयोगशाळेत वाढवण्याची विद्या भारतात रुजवणारी बाईसुद्धा मराठीच: डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, १९१७ चा. मुंबईत डॉ. वसंतराव खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे त्या पेशीसंवर्धन शिकल्या. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून ‘हेला’ ही मानवी पेशींची पहिली अमर मालिका तयार झाली. भारतात परतून रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

आतापर्यंतचे सार एवढेच: आजार उशिरा कळतो, बिघाड माणसागणिक वेगळा असतो आणि औषधामागे दशकांचे काम असते. आता चौथा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. यात आपण कुठे?

आपण आहोत, आणि जगाने दखल घ्यावी असे आहोत. बार्शी, भूम आणि परांडा या तालुक्यांत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. खेड्यातल्या माणसाला कोणता कॅन्सर होतो, हे भारताला पहिल्यांदा तिथून कळले. पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी अभ्यास झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था यांचे ते काम. २००९ मध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही या विषाणूची चाचणी केलेल्या गटात ३४ मृत्यू झाले, तुलनेच्या गटात ६४. जगभरच्या तपासणी धोरणांना या निष्कर्षाने बळ दिले. या अभ्यासावर एक रास्त प्रश्नही विचारला गेला: तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी का मिळाली नाही? तो प्रश्न आपण विसरता कामा नये. संशोधनात सामील होणाऱ्या प्रत्येक माणसाला काय मिळणार आणि काय नाही, हे त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. पण ज्ञान निर्माण करणाऱ्या त्या बाया मराठवाड्याच्या होत्या, हेही विसरता कामा नये.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आपणच शोधावे लागते, याची दोन उदाहरणे मुंबईच्या टाटा रुग्णालयातून देतो. गोऱ्या रुग्णांत ईजीएफआरचा बदल साधारण दहा-पंधरा टक्क्यांना असतो. आपल्याकडे फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमा प्रकारात तो पाव ते तृतीयांश रुग्णांत आढळतो. म्हणून डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांवर एक साधा प्रश्न तपासला: नुसती गेफिटिनिब, की तिच्या जोडीला केमो? जोडीने उपचार घेतलेल्यांचा आजार साधारण १६ महिने आटोक्यात राहिला, नुसत्या गोळीवर ८ महिने. गंभीर दुष्परिणाम मात्र दुपटीने वाढले. पुढे ओसिमर्टिनिबच्या जोडीला केमो देण्याच्या जागतिक चाचणीनेही २०२३ मध्ये हीच दिशा दाखवली.

दुसरे उदाहरण पैशाच्या अडचणीतून जन्मलेले. निवोलुमॅबचा पूर्ण डोस आपल्या बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे. टाटाच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये स्वस्त गोळ्यांच्या उपचाराला अवघ्या २० मिलिग्रॅम निवोलुमॅबची जोड दिली. हा नेहमीच्या डोसाचा दहावा भागही नाही. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. महागडे औषध विकणाऱ्याला हा प्रश्न कधी पडला असता का? तो ज्यांच्यासमोर रोज गरीब रुग्ण बसतो, त्यांनाच पडतो.

असे प्रश्न नांदेडलाही पडू शकतात, लातूरलाही. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. डॉ. अशोक कुकडे यांनी उभारलेल्या लातूरच्या विवेकानंद रुग्णालयाने कॅन्सरचे उपचार आपल्या दारात आणले. १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला आहे आणि त्याचा लातूरला उपपरिसर आहे. रसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, संगणक आणि रुग्णालय, चारही गोष्टी शे-दीडशे किलोमीटरच्या आत आहेत. मग नाही ते काय? या चौघांचे एकत्र बसणे नाही. माझी सूचना आहे, की दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि विद्यापीठाने मिळून फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांची एक सामायिक नोंद सुरू करावी: वय, व्यवसाय, बिडी, चूल, टीबीच्या गोळ्या किती महिने घेतल्या, गाठीत कोणता बदल निघाला. याला परदेशी यंत्र लागत नाही, शिस्त लागते.

लातूर पॅटर्नने या भूमीला हजारो डॉक्टर दिले, याचा मला अभिमान आहे. पण नीटच्या गुणांशी शिक्षण संपत नाही. मनसुख वाणींनी रसायनशास्त्र निवडले, कमल रणदिवेंनी जीवशास्त्र निवडले. तुमचे मूल ‘मला संशोधक व्हायचे आहे’ म्हणाले, तर त्याला ‘एमबीबीएसला नंबर लागला नाही का?’ असे विचारू नका. त्याच्या पाठीशी उभे राहा.

शासनाकडेही मागणे आहे. २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांच्या नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली गेली. २०२४ च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिब, दुर्वालुमॅब आणि ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन यांवरचे सीमाशुल्क रद्द झाले. ही पावले योग्य आहेत, पण पुरेशी नाहीत. औषध स्वस्त झाले आणि ते कोणाला द्यायचे हे सांगणारी जनुकीय तपासणी महाग राहिली, तर उपयोग काय? ही तपासणी नांदेड आणि लातूरच्या शासकीय रुग्णालयांतून मोफत मिळाली पाहिजे. देवगिरी किंवा लातूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून परळच्या टाटा रुग्णालयात पोचणाऱ्या रुग्णाच्या हातात निदान तो अहवाल तरी इथूनच गेला पाहिजे.

शेवटी तुम्हा सर्वांना तीन विनंत्या करतो. तीन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर तो अंगावर काढू नका. डॉक्टर तुकडा काढायला सांगतील तेव्हा घाबरू नका आणि अहवाल हाती आल्यावर विचारा: गाठीची जनुकीय तपासणी झाली का? आणि एखाद्या संशोधनात सहभागी व्हायला सांगितले, तर सगळे नीट समजून घ्या, प्रश्न विचारा आणि पटले तर होकार द्या. धाराशिवच्या बायांनी दिलेल्या होकाराने जगातल्या अनेकींचे प्राण वाचवण्याची वाट दाखवली. फुप्फुसाच्या कॅन्सरबाबत ते काम आता नांदेड-लातूरने हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.